पालथ्या डब्यावरचा पिक्चर

आमच्या गल्लीत पिक्चर बघायचा तर आधी डबा पालथा घालावा लागायचा. हे मी माझ्या लेकाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, काहीपण फेकू नकोस." मेल्या, फेकतेय कशाला? इंदापुरातल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया अजून जिवंत आहेत, विचार जाऊन. डबा पालथा, त्याच्या पोटात सीडी, आणि शेजारी मांडी घालून बसलेले भगवानमामा. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि हलूही नये.

भगवानमामा म्हणजे इंदापूरच्या एसटी स्टँडवरचे कंट्रोलर. सगळं स्टँड त्यांना भगवानराव म्हणायचं, आम्ही पोरी मामा म्हणायचो. गाव सुप्याकडचं. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले, वडिलांनी मेंढरं विकून जिराईत धरली, आणि मामा एसटीत लागले. बायको-पोरं तिकडं शेतावर, हे इकडं आमच्या भिंतीला लागून एका खोलीत एकटे. ऐन नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. घरोघरी टीव्ही आले होते, पण सीडीवर पिक्चर बघणं म्हणजे अजून अप्रूप होतं.

डबा हे मुळात व्हिडिओ गेमचं मशीन. मामांचा मेव्हणा मस्कतला ड्रायव्हर होता. मामांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "सीडीवर पिक्चर दिसतो म्हणं, तसलं मशीन आण येताना." त्यानं तिथल्या दुकानात काय सांगितलं देव जाणे. दुकानदारानं पाठीमागं एक पट्टी बसवलेला हा करडा डबा त्याच्या गळ्यात मारला. पट्टीमुळं पिक्चर दिसायचा, एवढं खरं. गेमची सीडी मात्र बरोबर एकही आली नाही. मेव्हणा बिचारा ओशाळला, तर मामा म्हणाले, "आसू दे रं. पिक्चर दिसतुय न्हवं? मग खेळाचा का आसंना." त्या डब्यावर शेवटपर्यंत कुणी एक गेम खेळलं नाही.

त्याला रिमोट नव्हता. होतं ते गेम खेळायचं, वायर लावलेलं, दोन्ही बाजूंनी दोन नांग्या निघाल्यासारखं दिसणारं बटणांचं यंत्र. बायांनी त्याचं नाव ठेवलं खेकडा. खेकडा दोन्ही हातांत धरायचा आणि उजव्या अंगठ्यानं बटण दाबायचं, की पिक्चर चालू. पुन्हा दाबलं की बंद. डाव्या हाताला तिथं काही काम नसे, नुसतं धरायचं.

मामांच्या तोंडात दोन भाषा होत्या. माइकसमोर बसले की पुण्याच्या रेडिओवर शोभावी अशी: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बारामतीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." आणि माइकचं बटण सोडलं की लगेच खिडकीतून, "आरं ये बेण्या, टपावर काय चढतुस? उतर खाली!" एकदा बटण सोडायचं राहिलं आणि बेण्या सगळ्या स्टँडवर गेला. टपावरचा तर उतरलाच, पण फलाटावरचे आणखी चौघं कान धरून उभे राहिले, म्हणे. खरं-खोटं मामांनाच ठाऊक, पण हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

घरी मात्र सगळा कारभार स्टँडचा. भात शिजला का हे विचारायचं तर "वैनी, गाडी लागली का?" माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा आईला तेच, "शैलीची गाडी लागली का वैनी?" मला असा राग यायचा! आई म्हणायची, "लागंल की भावजी, लेट हाय." आणि दोघं खुशाल हसायचे. पिक्चरच्या दोन सीड्या असायच्या. पहिली संपली की मामा उठून उभे राहायचे आणि भर ओसरीत माइकच्या आवाजात सांगायचे, "ही गाडी येथे दहा मिनिटे थांबेल. प्रवाशांनी चहापाणी उरकून घ्यावे." बायका खरंच उठून चहा ठेवायच्या.

त्यांची एक खोड मात्र भारी वाईट. रडका शेवट ते कुणाला बघू देत नसत. दुकानातून सीडी आणली की आधी एकटे बघून घ्यायचे, आणि पुढं हिरो किंवा कुणाची आई मरणार असली की बरोबर त्याच्या आधी सीडी काढून घ्यायचे. "पुढं रस्ता बंद हाय." बाया चिडायच्या, पदर खोचून भांडायच्या. समोरच्या गोदाक्का तर म्हणाल्या, "मेला तर मेला, आमचं आमी रडू की! आमाला रडायची बी चोरी व्हय?" मामा ढिम्म. सीडी कागदात गुंडाळत म्हणाले, "घरी जाऊन रडा. माझ्याकडं आल्यावर हसून जायाचं." मी कितीतरी पिक्चरांचे शेवट बारामतीला सासरी आल्यावर बघितले. बघून वाटलं, मामांचं बरोबर होतं.

डबा पालथा कसा झाला तेही सांगते. साल-दीड साल सरळ चालला आणि मग अडकायला लागला. चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, आवाज बोबडा पडायचा. पुण्याच्या मेकॅनिकनं सांगितलं, आतलं भिंग झिजलं, आता फेकून द्या. फेकतील ते मामा कसले! दर सुट्टीच्या दिवशी त्याची मनधरणी चालायची. त्यात एकदा गोदाक्कांच्या हातून गुळाचा चहा डब्यावर सांडला. दुसऱ्या दिवशी बघतो तर मुंग्यांची ही रांग, डब्याच्या आत-बाहेर. कुणी म्हणालं रॉकेल शिंपडा, कुणी म्हणालं हळद. मामा म्हणाले, "त्येंची बी घरं हायत, रॉकेल कशाला?" आणि मुंग्या आपसूक खाली उतराव्यात म्हणून त्यांनी डबा अलगद पालथा घालून दोन पाटांच्या मधे ठेवला. सीडी आतच होती आणि स्विच काढायचा राहिला होता. मुंग्या राहिल्या बाजूला, डबा गुरगुरला आणि टीव्हीवर स्वच्छ, खणखणीत गाणं सुरू झालं. आम्ही सगळ्या किंचाळलो. मामा दोन्ही हात जोडून मुंग्यांना म्हणाले, "लई उपकार झालं बायांनो." त्या दिवसापासून डबा जो पालथा झाला तो झालाच.

आणि मग आमच्या अण्णांच्या अंगावरून वारं गेलं.

अण्णा माझे वडील. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात होते, उसाच्या नोंदी करायचे. ताठ माणूस. सकाळी अंघोळ करून बाहेर आले आणि दारातच बसले, ते उठलेच नाहीत. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना चालायचे, जीभ जड झाली होती तरी एखादा शब्द निघायचा. पण उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले, हात मेलेला नाही, त्याला काम द्या, रोज हलवा, येईल. अण्णांनी काम दिलं नाही. हात पांघरुणात घातला आणि तोंड भिंतीकडं केलं. आई भरवायला गेली की आधी दार लावून घ्यायला लावायचे. आई चेंडू द्यायची, वाटीत धान्य घालून द्यायची. अण्णा डाव्या हातानं बाजूला सारायचे.

त्यातच माझं लग्न ठरलं. बारामतीचं चांगलं स्थळ, नकार द्यायला जागा नव्हती. सुपारी फुटली त्या दिवशी अण्णांनी डाव्या हातानं आईला खुणावलं. आपल्याकडं बोट केलं, मान हलवली, आणि माझ्या काकांकडं बोट केलं. म्हणजे कन्यादानाला मी बसणार नाही, धाकट्याला बसव. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांमधे तोंड घालून रडले. माझा बाप जिवंत असताना, माझ्या लग्नात, माझ्या बापाची ओंजळ नाही? हे काय बोलणं झालं? पण त्यांना कोण सांगणार!

मामांना आईनं सांगितलं. पुढच्या सुट्टीच्या दुपारी डबा, पाट, वायरी सगळं लटांबर घेऊन आमच्या दारात हजर. "वैनी, माझ्या खोलीत लाईट लई कमी-जास्ती हुतीया. हितं लावू का पिक्चर?" मागं गल्लीतल्या बाया होत्याच. अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं. मामांनी जणू बघितलंच नाही. अण्णांच्या खाटेसमोरच टीव्ही ओढला, डबा पालथा घातला, आणि दोन्ही हातांनी त्याला गच्च धरून बसले.

"काय झालं?" आई म्हणाली.

"आता ह्येला धरूनच बसावं लागतंय वैनी. सोडला की बंद पडतुय. म्हातारा झाला." मग मान वळवून म्हणाले, "अण्णा, माझं दोनी हात गुतलं. तेवढा खेकडा तुमी चालवा."

गोदाक्का पटकन म्हणाल्या, "आणा हिकडं, मी दाबते."

"तुमी?" मामा म्हणाले. "तुमी मागं चहा पाजला त्येला. तुमी न्हाय."

बाया टीव्हीकडं बघत गप बसल्या. टीव्ही निळा. बारकी पोरं कुरकुरायला लागली. अखेर अण्णा वळले, वैतागूनच वळले, आणि खेकडा डाव्या हातात ओढून घेतला. पण बटणं उजवीकडं. डावा अंगठा तिथवर पोहोचेना. उलटा धरून बघितला, मांडीवर ठेवून बघितला, सारखा घसरायचा. मामा डबा धरून पुतळ्यासारखे बसलेले, "अण्णा, बाया खोळंबल्यात." मग पांघरुणातून उजवा हात बाहेर आला. आईनं तो खेकड्यावर ठेवला. अंगठा उठेना. कपाळाला घाम आला. कितीदा तरी प्रयत्न केल्यावर एकदाचं बटण दबलं आणि गाणं सुरू झालं. गोदाक्कांनी तोंडात बोट घालून शिट्टी मारली. गोदाक्कांना शिट्टी येते हे त्या दिवशी गल्लीला कळलं.

त्यानंतर दर सुट्टीला आमच्याकडं पिक्चर. आणि मामांनी जो काय छळ मांडला! याला पाणी पाहिजे, थांबवा अण्णा. त्याचं पोरगं रडतंय, थांबवा अण्णा. हे गाणं कळलं न्हाय, थांबवा, आता लावा. पिक्चर पाऊण तास लांबायचा. आणि सबंध वेळ मामा डब्यावर दोन्ही हात ठेवून, पाठ न टेकता बसलेले. त्यांना टीव्ही धड दिसतही नसे, तिरका दिसायचा. पाठ दुखायला लागली की नुसते एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर.

एकदा ऐन पिक्चरमधे स्टँडवरून माणूस बोलवायला आला. गाडीवरून काहीतरी भांडण लागलं होतं. मामा "आलोच" म्हणत तसेच उठले आणि चप्पल घालून पळाले. ते गेले, आणि डबा चालतच राहिला. कुणी धरलेला नाही, काही नाही. पालथा पडून आपला झकास चाललाय. मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं. गोदाक्का "अगंबाई, म्हणजे हा…" म्हणेपर्यंत आईनं त्यांना चिमटा काढला. अण्णा डब्याकडं बघत होते. नुसते बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, ते काय लहान होते? मला वाटलं, आता खेकडा फेकणार आणि तोंड फिरवणार.

दारात मामांच्या चपला वाजल्या. अण्णांनी खेकडा उचलला, उजवा अंगठा टेकवला आणि पिक्चर बंद केला. मामा आत आले. टीव्हीवर चित्र थांबलेलं. अण्णा त्यांच्याकडं बघून जड जिभेनं म्हणाले, "ब… बंद पडला. ध… धर."

"बगा," मामा म्हणाले, "सांगत न्हवतो?" आणि बसले पुन्हा गच्च धरून. माझा बाप मनात हसत होता. खूप दिवसांनी त्यांना तसं बघितलं आणि मी चहाच्या निमित्तानं उठून गेले.

एवढं सगळं जुळत आलं आणि आमचे काका बारामतीहून नवा प्लेयर घेऊन आले. काका मनाचे लाख, पण घाईचे. "दादा, हे बघ, सरळ ठेवायचा, सरळ चालतो. आणि हा रिमोट. एका बोटाचं काम. त्या भंगाराशी कशाला झटतोस?" अण्णांनी डाव्या हातात रिमोट घेतला. खरंच एका बोटाचं काम होतं. उजवा हात पुन्हा पांघरुणात गेला. सुट्टीला मामा आले, नवा प्लेयर बघितला, "झकास हाय" म्हणाले, चहा घेतला आणि निघून गेले. त्यांचा डबा आमच्या फळीवर तसाच राहिला. त्यांच्या वस्तूची एवढी अवकळा झाली तरी माणूस एका शब्दानं बोलला नाही.

लग्न तोंडावर आलं. काका याद्या-बिद्या ठरवायला आले होते, मामाही होते. काका अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दादा, तू काही काळजी करू नको. हात शिणवू नको. पाटावर मी आणि ही बसतो. कन्यादान होऊन जाईल." प्रेमानंच म्हणाले. अण्णांनी मान खाली घातली.

मामा उठून उभे राहिले. मी त्यांना चिडलेलं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं ते चिडल्यावर माइकची भाषा बोलतात हे मला ठाऊकच नव्हतं. एकेक अक्षर तोडून म्हणाले, "आपण कृपया बाजूला व्हावे. ही जागा मुलीच्या वडिलांसाठी राखीव आहे."

काका आ वासून बघत राहिले. आणि अण्णांना हसू फुटलं. अर्ध्या तोंडानं, वाकडं, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांचं बघून काकाही हसायला लागले. हसणं ओसरल्यावर अण्णांनी पांघरूण बाजूला केलं, उजवा हात मोठ्या कष्टानं मांडीवरून उचलला आणि फळीकडं नेला.

"डबा," म्हणाले. "काढ."

डबा काकांनीच काढला, सांगायला पाहिजे. पुसला, पाटांवर पालथा घातला, आणि मामांना म्हणाले, "सरका, आज मी धरतो." मामा म्हणाले, "गच्च धरा बरं का." काका बिचारे सबंध पिक्चर डबा धरून बसले.

लग्नात अण्णा पाटावर बसले. आईनं झारीची धार धरली, ती अण्णांच्या ओंजळीत पडली, आणि ओंजळीतून ह्यांच्या आणि माझ्या हातावर. उजवी बोटं पुरती जुळली नाहीत. निम्मं पाणी मधूनच गळून माझ्या शालूवर सांडलं. सांडू दे. तो शालू मी अजून धुतलेला नाही.

माझं लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत मामांची बदली झाली, मग ते रिटायर होऊन सुप्याकडं गेले. आमची पुन्हा गाठ पडली नाही. ते गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी ओट्यापाशी तशीच बसले. माझ्या बापानं मला दिलं, ते या माणसामुळं. आई-बापाच्या खालोखाल मी कुणाची ऋणी असेन तर त्यांची. तोंडावर त्यांना हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "चल, येडी कुठली."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते लग्नाच्या पंगतीत. लगीनसराई, जादा गाड्या, रजा मिळाली नव्हती. तासाभराची सवड काढून खाकी कपड्यांतच आले होते आणि शेवटच्या पंगतीत अगदी टोकाला बसले होते. बुंदी वाढणारा आला, तर त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. डॉक्टरनी गोड बंद केलं होतं.

तेवढ्यात अण्णा उठले. मुलीचा बाप पंगतीत आग्रहाला फिरतो, तसे निघाले. काका म्हणाले, "दादा, वाढपी आहेत की." अण्णांनी ऐकलं नाही. आईच्या हातात बुंदीचं ताट दिलं, आणि पाय ओढत पंगतीच्या टोकापर्यंत गेले. मामांसमोर वाकले. उजवा हात ताटात घातला. बोटं मिटायला वेळ लागला, अख्खी पंगत घास थांबवून बघत होती. मूठ वळली. पत्रावळीवर आली आणि उघडली. थोडी बुंदी पत्रावळीवर पडली, बरीचशी मामांच्या खाकी मांडीवर.

मामांनी आडवा धरलेला हात काढून घेतला होता. खाली मान घालून म्हणाले, "आणखी एक मूठ, अण्णा."

अण्णांनी आणखी एक वाढली. ते पुढं सरकले. मामांनी पत्रावळीवरची बुंदी संपवली, आणि मग मांडीवर सांडलेला एकेक दाणा वेचून खात बसले.